वत्सलेचं पारायण

रविराज थेटे यांनी सोसायटीत पुस्तक मंडळ काढायचं जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या पत्नीने, सुवर्णाबाईंनी, एकच प्रश्न विचारला. चहा कोण करणार? जगातल्या निम्म्या वाङ्मयीन चळवळी याच प्रश्नाला अडखळून पडल्या असतील, असं थेट्यांच्या मनात आलं. पण ते बोलले नाहीत. वीज कंपनीच्या तक्रार विभागात उभी नोकरी काढल्यामुळे समोरचा माणूस बोलत असताना गप्प राहायची त्यांना सवय होती. निवृत्त झाल्यापासून मात्र त्यांच्याकडे कोणी तक्रारच आणत नव्हतं. घरात वीज गेली तरी सुवर्णाबाई आता थेट मोबाइलवरून तक्रार नोंदवत, नवऱ्याला विचारतसुद्धा नसत. अशा माणसाने पुस्तक मंडळ काढायचं नाही तर काय करायचं?

मखमलाबाद रस्त्यावरची त्यांची सोसायटी तशी मिश्र वस्तीची. जिथे पूर्वी टोमॅटो आणि झेंडू व्हायचा, तिथे आता चार इमारती उभ्या होत्या. निम्मे रहिवासी नोकरीवाले, आणि निम्मे त्याच जमिनीचे जुने मालक आणि त्यांचे भाऊबंद. त्यांची थोडीफार फुलशेती पाटाच्या पलीकडे अजून चालू होती. पहाटे फुलांचे क्रेट टेम्पोत चढायचे आणि त्याच वेळी आयटीवाल्यांच्या घरात अमेरिकेशी चाललेल्या मीटिंगा संपायच्या. दोन्ही पक्षांचं एकमत फक्त लिफ्टबद्दल होतं. ती बंद असायची.

पहिलं पुस्तक कोणतं घ्यायचं, यावर थेट्यांनी फार विचार केला नाही. कॉलेजात असताना रविवार कारंजावरच्या रद्दीवाल्याकडून घेतलेली एक कादंबरी त्यांनी आजवर जिवापाड जपली होती. वत्सला नावाची बाई, तिला टाकून शहरात गेलेला नवरा, आणि गावात मागे राहिलेल्या दोघी, वत्सला आणि तिची सासू, अशी ती गोष्ट. पुस्तक आता कुठे मिळत नव्हतं. प्रत एकच. थेट्यांनी ती सगळ्यांनी आळीपाळीने वाचावी आणि महिन्याने चर्चेला बसावं, असं ठरवलं.

समोरच्या फ्लॅटमधले गोटीराम मोगल यांनी त्याच दिवशी सावध केलं होतं. गोटीरामांचं द्राक्षावरच्या औषधांचं दुकान होतं आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीकडे ते फवारणीच्या नजरेने बघत. "साहेब, एकदम जाड पुस्तक मारू नका," ते म्हणाले. "माणसं करपतील. आधी पातळ द्या, अंदाज घ्या, मग प्रमाण वाढवा." थेटे हसले. साहित्य म्हणजे बुरशीनाशक नव्हे, असं काहीतरी ते बोललेही. पुढे त्यांना हे वाक्य परत घ्यावंसं वाटलं.

महिन्याने पुस्तक परत आलं ते हळदीचा अंगठा, कोणाच्या तरी दुधाचा हिशेब आणि आत विसरलेला विमानाचा बोर्डिंग पास घेऊन. चर्चा थेट्यांच्या दिवाणखान्यात होती. सहा-सात माणसं आली. थेट्यांनी घसा खाकरून विचारलं की वत्सलेच्या मनातलं द्वंद्व आपल्याला कसं वाटलं. एकाने उठून पंखा वाढवला. मग वरच्या मजल्यावरची वेदिका म्हणाली की ती सहसा पुस्तकं कानाने ऐकते, तीही दुप्पट वेगाने, आणि या पुस्तकाला तशी सोय नव्हती. दुसऱ्या एका गृहस्थांनी छपाई चांगली आहे असं मत दिलं. गोटीरामांनी मलपृष्ठ पूर्ण वाचलं होतं आणि ते त्यांना आवडलं होतं. मग कोणीतरी म्हणालं की कादंबरीत गावातलं हॉटेल आलंय, तिथे मिसळ मिळत असेल का. त्यानंतर पुढचा दीड तास काळ्या रश्श्याची मिसळ खरी की लाल रश्श्याची, सोबत पापड हवा की नको, आणि पूर्वी जी चव होती ती आता का राहिली नाही, यावर इतकी सखोल, इतकी मतभेदांनी भरलेली आणि इतकी हातघाईवर आलेली चर्चा झाली की तिचा एक शतांश जरी वत्सलेच्या वाट्याला आला असता, तरी थेट्यांचं सार्थक झालं असतं. जाताना सगळ्यांनी मंडळाची कल्पना फार छान असल्याचं सांगितलं. सुवर्णाबाईंनी सोफ्यावरची शेव झाडली आणि यापुढे साहित्य घराबाहेर करायचं, असा हुकूम काढला.

घरात बसलं की गप्पाच होतात, असं गोटीरामांचंही निदान होतं. हॉल घ्या, हॉलमध्ये माणूस आपोआप सरळ बसतो.

आता सोसायटीच्या हॉलचं असं होतं की तो मिळवण्यासाठी व्यवस्थापकाकडे, म्हणजे राजूकडे, अर्ज द्यावा लागे. राजू जिन्याखालच्या केबिनमध्ये बसायचा आणि मुळात भला माणूस होता. त्याने अर्ज पुढे सरकवला. कार्यक्रमाचा प्रकार या रकान्यात वाढदिवस, बारसं, साखरपुडा, धार्मिक आणि इतर, एवढे पर्याय होते. थेट्यांनी 'इतर'वर खूण करायला पेन टेकवलं, तसा राजूने त्यांचा हात धरला. 'इतर'ला कमिटीची मंजुरी लागायची. कमिटीच्या बैठकीला पुरेशी माणसं जमावी लागायची, आणि दिवाळीपासून ती जमली नव्हती. शिवाय चेअरमन चिमाजी आहेर यांना 'इतर' हा शब्दच आवडत नसे. तालुक्याच्या कचेरीत अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला तो माणूस; ज्याला रकाना नाही ते जगात नाही, अशी त्यांची श्रद्धा होती.

"काका, धार्मिक टाका," राजू म्हणाला. "त्याला मंजुरी नको. तुम्हाला वाचायचंच आहे ना? पारायण लिहितो."

थेट्यांनी आयुष्यात खोटा अर्ज केला नव्हता. ते घरी आले, फेऱ्या मारल्या, पारायण या शब्दाचा अर्थ कोशात काढून बघितला. एखादा ग्रंथ सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचणे. यात खोटं काय होतं? उलट मंडळातल्या एकाही सभासदाने जे केलं नव्हतं, नेमकं तेच होतं. ते समाधानाने खाली गेले आणि सही करून आले.

राजूने फलकावर लिहिलं ते असं: शनिवारी सायंकाळी हॉलमध्ये पारायण. वाचक श्री. रविराज थेटे. सर्वांनी श्रवणाचा लाभ घ्यावा.

शनिवारी थेटे बगलेत पुस्तक मारून हॉलच्या दाराशी आले आणि जागीच थांबले. दारात रांगोळी होती. आत चौरंगावर लाल कापड, शेजारी समई, भिंतीभर झेंडूच्या माळा. पाटापलीकडच्या मळ्यातून दोन क्रेट भरून फुलं आली होती. खुर्च्या कडेला सारून सतरंज्या अंथरल्या होत्या आणि त्यांवर सोसायटीतल्या यच्चयावत आज्या, सासवा आणि निवृत्त मंडळी हात जोडून बसली होती. मंडळाचे मूळ सभासद म्हणजे वेदिका आणि गोटीराम, भिंतीला चिकटून उभे होते. वेदिका मोबाइलवर चित्रीकरण करत होती.

सगळ्यांत पुढे ठमाबाई पिंगळे. झेंडू त्यांच्याच मळ्यातला. सोसायटी ज्या जमिनीवर उभी होती तिचा मोठा तुकडा एकेकाळी त्यांचा होता, आणि त्या अजूनही पार्किंगमधून चालताना बांधावरून चालल्यासारख्या चालत. त्यांनी पुस्तक थेट्यांच्या हातातून घेतलं, कपाळाला लावलं, चौरंगावर ठेवलं, त्यावर हळदकुंकू वाहिलं. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर पाठमोऱ्या बाईचं चित्र होतं. ते बघून मागून कोणीतरी विचारलं की ही कोणती देवी.

थेट्यांचा प्रामाणिकपणा त्याही अवस्थेत शाबूत होता. ते म्हणाले, "आजी, एक गैरसमज झालाय. ही पोथी नाही. कादंबरी आहे. यात देव नाही."

ठमाबाईंनी विचार केला. "मग हाय कोण त्यात?"

"एक सून आहे. तिची सासू आहे."

"सासू हाय ना," ठमाबाई म्हणाल्या आणि मांडी नीट घातली. "मग वाचा."

थेट्यांनी वाचायला सुरुवात केली. दोन पानं वाचून थांबायचं आणि माफी मागून निघायचं, असा त्यांचा बेत होता. पण दुसऱ्या पानावर वत्सलेचा नवरा भल्या पहाटे तिला न सांगता निघून जातो, आणि पान उलटताना थेट्यांनी मान वर केली तर सगळ्या सतरंज्या त्यांच्याकडे बघत होत्या. तक्रार विभागात त्यांच्याकडे पुष्कळ लोकांनी रोखून बघितलं होतं. पण असं नव्हे. ते पुढे वाचत राहिले. आवाज बसेपर्यंत वाचलं. शेवटी आरती झाली, कारण समई लावलीच होती. साखरफुटाणे वाटले. जाताना एका म्हाताऱ्या गृहस्थांनी थेट्यांच्या पाया पडायचा प्रयत्न केला. थेट्यांनी तो अडवला, पण सुवर्णाबाईंना सांगताना मात्र तो प्रसंग त्यांनी दोनदा सांगितला.

पुढच्या शनिवारी हॉल भरला. त्याच्या पुढच्या शनिवारी बाया उशा घेऊन आल्या. मंडळ चाललं होतं, यात शंकाच नव्हती. थेट्यांना सल फक्त एक होता. चर्चा होत नव्हती. वाचन संपलं की ते चष्मा काढत, वत्सलेच्या मौनाचा अन्वयार्थ काय, असं विचारत, आणि शाळेत साहेब तपासणीला आल्यावर वर्गाचं जे होतं ते हॉलचं होई. बाया पदर सारखे करत. कोणी जमिनीकडे बघे. मग थेटे स्वतःच उत्तर देत, ते बराच वेळ चाले, आणि तेवढ्यात साखरफुटाण्यांची ताटली फिरू लागे.

पण हॉलच्या दाराबाहेर पाऊल पडलं रे पडलं की तीच माणसं तुटून पडत. जिन्यात, भाजीच्या गाडीशी, बंद लिफ्टपाशी, सगळीकडे वत्सला. तिने दिराला जेवायला वाढायला नको होतं. तिने तेव्हाच माहेर गाठायला हवं होतं. माहेर कसलं गाठते, भाऊ कसा आहे वाचलं ना. एकदा तर फुलांच्या टेम्पोशेजारी दोन बायांचं इतकं कडाक्याचं भांडण लागलं की वॉचमन मध्ये पडला, आणि भांडण सासूने मंगळसूत्र मोडायला दिलं ते बरोबर की चूक, यावरून होतं. थेटे या सगळ्याच्या आसपास घोटाळत. कधी चपलेचा अंगठा नीट करत, कधी नोटीस बोर्ड वाचत. पण ते दिसले की बोलणं थांबे आणि बाया आदराने नमस्कार करत. ज्या चर्चेसाठी हा सगळा खटाटोप केला, ती चर्चा त्यांना चोरून ऐकावी लागत होती. आपल्याच लग्नात आपल्याला पंगतीला कोणी बोलावू नये, तसं त्यांना वाटे. गोटीरामांचा सल्ला होता की प्रश्नांचं प्रमाण कमी करा. थेट्यांनी तो मानला नाही.

अशातच एका शनिवारी चेअरमन आले. आहेर सश्रद्ध माणूस. पारायण जोरात चाललंय हे कानावर आलं, म्हणून आंघोळ करून, धूतवस्त्र नेसून, नारळ घेऊन आले. चौरंगापुढे डोकं टेकवलं आणि मागच्या रांगेत हात जोडून बसले. त्या दिवशी नेमका तो भाग होता ज्यात एसटीचा कंडक्टर वत्सलेला कुंपणावरून फुलांचं बी देतो आणि दोघं जरा जास्त वेळ उभी राहतात. आहेरांनी डोळे मिटून घेतले होते. कंडक्टरने वत्सलेच्या हातावर बी ठेवलं तसा त्यांचा एक डोळा उघडला. तिने मूठ मिटली तसा दुसरा.

ते उठले. नारळ उचलून निघून गेले. सोमवारी थेट्यांना पत्र आलं. अर्जात खोटी माहिती भरून, धार्मिक सदराखाली कंडक्टरविषयक मजकूर वाचल्याबद्दल हॉलचा वापर तात्काळ बंद करण्यात येत आहे.

थेट्यांना रात्रभर झोप लागली नाही. आजवर दुसऱ्यांच्या विरुद्धच्या तक्रारी त्यांनी ऐकल्या होत्या. आपल्याविरुद्ध तक्रार झाल्यावर माणसाला रात्र किती मोठी वाटते, हे त्यांना पहिल्यांदा कळलं. त्यांनी माफीचा अर्ज लिहायला घेतला. पण तो पुरा व्हायच्या आत ठमाबाई, त्यांची सून पूजा आणि मागे दहा-बारा बाया असा मोर्चा आहेरांच्या दारात गेला होता. ठमाबाईंचं म्हणणं अगदी साधं होतं. पोथी असो, कादंबरी असो, चौरंगावर ठेवून, हळदकुंकू वाहून वाचायला घेतली ना? मग पारायण अर्धवट सोडता येत नाही. सोडलं तर दोष लागतो. त्यांना स्वतःला काही नाही, त्यांचं वय झालं. पण उद्या सोसायटीत काही बरंवाईट घडलं, तर लोक चेअरमनचं नाव घेतील.

आहेर पेचात पडले. नियम एका बाजूला, देव एका बाजूला, आणि मध्ये एसटीचा कंडक्टर. दोन दिवस विचार करून त्यांनी मधला मार्ग काढला. पारायण पूर्ण करावं. पण पुस्तक आठवडाभर चेअरमनच्या ताब्यात राहील, पुढचा भाग ते आधी तपासतील, आणि आक्षेपार्ह मजकुरावर चिठ्ठी लावतील. चिठ्ठी लावलेला भाग वाचायचा नाही.

थेट्यांना हे फार लागलं. आजवर पुस्तक त्यांच्या उशाशी असायचं, ते आता दर शनिवारी हॉलच्या दारात त्यांना सरकारी फाइलीसारखं मिळू लागलं. पहिल्या आठवड्यात त्यात इतक्या चिठ्ठ्या होत्या की पुस्तकाला पिसं फुटल्यासारखं दिसत होतं. 'आक्षेपार्ह.' 'अनावश्यक.' 'कंडक्टर पुन्हा.' थेटे चिठ्ठीचा भाग गाळत आणि बाया ओरडत की मध्ये काहीतरी सुटलं. मग आहेरच मागून म्हणत की तिथे विशेष काही नाही, तो फक्त विचारपूस करून जातो. दुसऱ्या आठवड्यात चिठ्ठ्या कमी झाल्या. तिसऱ्या आठवड्यात एकीवर नुसतं 'ही काही बोलत का नाही?' असं लिहिलेलं होतं. त्यानंतर चिठ्ठ्या आल्याच नाहीत. थेट्यांना वाटलं, चेअरमन कंटाळले.

समाप्तीचा शनिवार ठरला आणि प्रकरण थेट्यांच्या हातातून पुरतं गेलं. समाप्ती म्हटल्यावर महाप्रसाद आला. महाप्रसाद म्हटल्यावर आचारी आला. वणीहून ठमाबाईंची नणंद आली, ती दोन भाचेसुनांना घेऊन. गोटीरामांनी सल्ला दिला की पारायण सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे, आणि दुकानाच्या उद्घाटनाला वापरलेला लाउडस्पीकर स्वतः आणून बसवला. त्याचं तोंड चुकून रस्त्याकडे झालं. त्यामुळे हॉलमध्ये थेट्यांचा आवाज बेताचाच आला, पण मखमलाबाद रस्त्यावरून जाणाऱ्या रिक्षांना वत्सलेची दुःखं स्वच्छ ऐकू गेली. काही रिक्षा थांबल्याही. थेट्यांना उपरणं घालून, हार घालून चौरंगामागे बसवण्यात आलं. कॉलेजात जी कादंबरी त्यांनी खिडकीत एकटं बसून वाचली होती, ती आज पुरीभाजीच्या वासात, शे-सव्वाशे माणसांसमोर संपणार होती.

शेवटचं प्रकरण त्यांना जवळजवळ पाठ होतं. कित्येक वर्षांनंतर नवरा परत येतो. वत्सलेसाठी नाही, आईला न्यायला. आणि इतकी वर्षं जिने आपल्याला सांभाळलं त्या सुनेला मागे ठेवून सासू मुलाबरोबर निघून जाते. तरुणपणी थेट्यांना हा शेवट फार थोर वाटला होता.

आज पान उलटताना त्यांनी समोर बघितलं. पुढच्या रांगेत सगळ्या सासवा बसल्या होत्या. त्यांच्या मागच्या रांगेत, महाप्रसादाला म्हणून आलेल्या, त्यांच्या सुना. ठमाबाई पुढे, पूजा बरोबर त्यांच्या मागे. ठमाबाईंचा मुलगा पुण्याला असायचा आणि पूजा इथे मळा आणि सासू दोन्ही बघायची, हे सोसायटीत सगळ्यांना माहीत होतं. ते वाचत वाचत त्या वाक्याशी आले. मुलगा म्हणतो, आई, चल. आणि थेट्यांची हिंमत सुटली.

त्यांनी पानावर नजर ठेवली आणि स्वतःच्या मनाने वाचायला सुरुवात केली. सासूने मुलाला ठाम नकार दिला. ती वत्सलेजवळच राहिली. इथवर ठीक होतं. पण लेखकाची भाषा काही त्यांना जमेना. सासू मुलाला म्हणाली, की सदर विलंबाबाबत तुझी कारणं समाधानकारक नाहीत. तिने त्याला कळवलं, की वत्सलेचं म्हणणं नोंदवून घेतलं असून त्यावर योग्य ती कार्यवाही करण्यात येईल. मुलगा आल्या पावली परत गेला आणि प्रकरण निकाली निघालं.

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. सासवांनी डोळे पुसले. वणीच्या नणंदबाईंनी कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. थेट्यांनी सुटकेचा श्वास सोडून पुस्तक मिटलं.

"थांबा," मागून आवाज आला.

चिमाजी आहेर उभे होते. त्यांचा चेहरा लाल झाला होता. ते माणसांमधून वाट काढत चौरंगापर्यंत आले.

"असं नाहीये पुस्तकात," ते म्हणाले. "सासू जाते. परवा मी ते पान वाचलं आणि जेवण गेलं नाही मला. डोळ्यांतून पाणी आलं, चष्मा पुसून पुसून वाचलं. आणि तुम्ही तिला घरीच बसवता? आमच्या रडण्याला काही किंमत आहे की नाही?"

सगळा हॉल थेट्यांकडे बघू लागला. लाउडस्पीकरमुळे रस्ताही. साहित्याचा अपमान कोणी केला असेल तर तो आपण, आणि साहित्याच्या बाजूने उभं कोण राहिलंय, तर ज्याने कंडक्टरवर चिठ्ठी चिकटवली तो माणूस, हे लक्षात येऊन थेट्यांना उपरण्यात तोंड लपवावंसं वाटलं. त्यांनी हार काढून ठेवला. पुस्तक उघडलं. आणि जे लिहिलं होतं तेच वाचलं.

सासूने गाठोडं बांधलं. वत्सलेने तिच्या चपला दारात जोडून ठेवल्या. मुलगा पुढे निघाला, आई मागे. तिने वळून बघितलं नाही. वळली असती तर तिचा पाय निघाला नसता. ती दोघं वळणाआड झाली तशी वत्सलेने दार लावून घेतलं.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आचाऱ्याने झारा खाली ठेवला तो आवाज आला. थेट्यांनी या वेळी प्रश्न विचारला नाही.

ठमाबाई बोलल्या. चौरंगाकडे बघत, कोणालाच उद्देशून नाही असं.

"बरोबर लिवलंय. मी बी गेले असते." मागच्या रांगेतल्या सुना पुढे वाकल्या. "लेक बोलवायला आला म्हटल्यावर आईचा पाय ऱ्हात नाय. गेले असते. आन तिथं जाऊन, दर घासाला हिच्या हातची भाकर आठवून रडले असते."

पूजा मान खाली घालून सतरंजीचा दोरा ओढत होती. ती तशीच म्हणाली, "मग मी पण दार लावलंच असतं, आई." तिने दोरा सोडला. "पण कडी नसती घातली."

ठमाबाईंनी मागे वळून बघितलं नाही. नुसता हात मागे केला, आणि पूजाने तो धरला.

त्यानंतर हॉलमध्ये जे सुटलं त्याला चर्चा म्हणायचं की काय, हे ठरवणं अवघड होतं. वणीच्या नणंदबाई म्हणाल्या की सासू गेलीच कशी, तिला लाज पाहिजे होती. दुसरी म्हणाली, लाज मुलाला नको का? वेदिका भिंत सोडून सतरंजीवर येऊन बसली आणि तिने विचारलं की वत्सलाच का नाही निघून गेली कुठे. तिला एकदम चार बायांनी उत्तर दिलं, चौघींनी चार वेगवेगळी. आहेरांचं मत होतं की खरा दोष कंडक्टरचा, त्याने नुसतं बी देऊन थांबायला नको होतं. यावर हॉल काही काळ चेअरमनकडे नव्या नजरेने बघत राहिला. गोटीराम काही बोलायला गेले तर त्यांना बायांनी पुऱ्या बघायला पाठवलं.

थेटे दोनदा उभे राहिले. मौनाचा अन्वयार्थ त्यांच्या ओठांवर होता. पहिल्यांदा कोणाचं लक्ष गेलं नाही. दुसऱ्यांदा आहेर म्हणाले, "थेटे, जरा बसा हो, मागच्यांना दिसत नाही." ते बसले. पण चौरंगामागे बसून सगळ्यांच्या पाठीच दिसत होत्या, कारण माणसं आता एकमेकांकडे तोंड करून बसली होती. म्हणून ते उठले, उपरणं काखेत धरून कडेकडेने गेले आणि शेवटच्या सतरंजीवर, जिथे थोडी जागा होती, तिथे टेकले.

शेजारी सुवर्णाबाई होत्या. त्या महाप्रसादाची व्यवस्था बघायला म्हणून खाली आल्या होत्या आणि केव्हातरी तिथेच बसल्या होत्या. लग्न झाल्यापासून त्यांनी नवऱ्याला एखाद्या पुस्तकाबद्दल कधी काही विचारलं नव्हतं. ते आपण होऊन सांगत, आणि त्या ऐकता ऐकता भाजी निवडत.

"तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी हळूच विचारलं. "तिनं जायला पाहिजे होतं का?"

थेट्यांकडे याचं उत्तर होतं. कॉलेजपासून होतं. चांगलं पाऊण तास पुरेल एवढं होतं. त्यांनी तोंड उघडलं, समोर ठमाबाईंच्या आणि पूजाच्या हातांकडे बघितलं, आणि ते मिटलं.

"मला नाही सांगता येत," ते म्हणाले.

सुवर्णाबाई थोड्या सरकल्या आणि त्यांनी सतरंजीवर नवऱ्यासाठी नीट जागा करून दिली.

"मला वाटतं," त्या म्हणाल्या, आणि बोलू लागल्या.